भिंतीवर दगडफूल: पहिलं सिरॅमिक इन्स्टॉलेशन करणाऱ्यांसाठी, स्केचपासून स्क्रूपर्यंत

पॉटरीचा बेसिक कोर्स झाला, घरात चार मग आणि दोन वाकडे बाउल आले, आणि आता डोक्यात भिंतभर काहीतरी करायचं भरलंय, कोरल म्हणा, अळंबी म्हणा, वारूळ म्हणा. हे अशा लोकांसाठी लिहितोय. इन्स्टाग्रामवर असली कामं बघून वाटतं की सगळा खेळ मातीचा आहे, पण प्रत्यक्षात त्यात सुतारकाम आहे, ड्रिलिंग आहे, टेम्पोवाल्याशी वाद आहे, सोसायटीच्या सेक्रेटरीची परवानगी आहे, आणि मग उरलेल्या वेळात माती आहे. म्हणून माझं सांगणं एकच, भिंतीपासून सुरुवात करा आणि उलटं मातीपर्यंत या. तुकडा किती सुंदर आहे ते नंतर बघू, तो लटकणार कशावर ते आधी.

उदाहरणाला एकच काम धरून चालू: घरातली भिंत, ४ फूट बाय ३ फूट, विषय दगडफूल. चाकावरचं काहीच नाही, सगळं हाताने. इलेक्ट्रिक भट्टी, स्टोनवेअर माती (जास्त तापमानाला भाजून दगडासारखी टणक होणारी), १२२० अंश सेल्सिअसच्या आसपास फायरिंग, म्हणजे भाजणी. तुमचा विषय वेगळा असला तरी पायऱ्या ह्याच राहतात.

१. एकच गोष्ट निवडा आणि ती नीट बघा

"निसर्गावर करायचंय" एवढ्यावर काम होत नाही, नुसतं निसर्ग म्हटलं की हात आपोआप पाच पाकळ्यांचं फूल करायला लागतो. दगडफूल घ्यायचं कारण ते स्वयंपाकघरातच आहे, गोड्या मसाल्यात पडतं तेच. डब्यातला एक तुकडा काढा, कोमट पाण्यात सोडा, थोड्या वेळात मऊ होऊन उलगडतो. मग भिंग घेऊन बसा. वरची बाजू राखाडी, खालची काळी, आणि त्या काळ्याला अगदी कडेला तपकिरी पट्टी. कडा नागमोडी आणि वर वळलेल्या, त्यामुळे वरून बघतानासुद्धा खालचा काळा रंग मधूनमधून डोकावतो. हे एक निरीक्षणच अख्ख्या कामाला पुरतं: कडा वळवायची आणि मागची बाजू काळी ठेवायची, झालं, बघणाऱ्याला खोली दिसते.

आता ते वाढतं कसं तेही बघा. दगडफूल ही वनस्पती नव्हे, बुरशी आणि शैवाल यांचा एकत्र संसार आहे. वाढ कडेला होते, वर्षाला फार तर काही मिलिमीटर, आणि मधला भाग सगळ्यात जुना, तो कधीकधी झडूनही जातो आणि नुसतं कडं उरतं. म्हणजे मोठे, रुंद, ताजे तुकडे बाहेरच्या बाजूला, चुरगळलेले छोटे मधे, आणि एखाद्या ठिकाणी चक्क रिकामी जागा. ही रिकामी जागा सोडायचं धाडस नवीन माणूस करत नाही, भरून टाकतो, आणि मग ते काम वॉलपेपर वाटायला लागतं.

जिवंत दगडफूल बघायचं असेल तर शहराबाहेर पडा, धुरातल्या सल्फर डायऑक्साइडला हा प्रकार फार नाजूक असतो म्हणून भर शहरातल्या झाडांवर कमी दिसतो. मुळशी, भीमाशंकर, आंबोली, पावसाळा संपता संपता. फोटो काढा, स्केच करा, उपटू नका. कास पठार तर जागतिक वारसा यादीत आहे, २०१२ मध्ये पश्चिम घाटाच्या ज्या जागा गेल्या त्यातलं, तिथे काहीही तोडायचं नाही म्हणजे नाही.

दुसऱ्यांची कामं जरूर बघा. कोर्टनी मॅटिसन ही अमेरिकन बाई भिंतभर प्रवाळ करते, सगळं हाताने, तुकड्या-तुकड्यांत, त्यात पांढरे पडलेले प्रवाळ आणि रंगीत प्रवाळ कसे एकमेकांत मिसळत नेलेत ते बघण्यासारखं आहे. आपल्याकडे २०१८ ला जयपूरच्या जवाहर कला केंद्रात पहिली इंडियन सिरॅमिक्स ट्रायनाले झाली, म्हणजे सिरॅमिक कलेचं मोठं प्रदर्शन, तिथल्या कामांचे फोटो मिळतात. बघा पण उचलू नका, या क्षेत्रात सगळे सगळ्यांना ओळखतात.

२. भिंत बघायला स्वतः जा

क्लायंटने व्हॉट्सॅपवर पाठवलेल्या फोटोवर अजिबात विसंबू नका. सोबत मेजरिंग टेप, पेन्सिल आणि शक्य असेल तर स्टड फाइंडर (भिंतीच्या आतली चौकट शोधायचं यंत्र) घेऊन जा आणि हे विचारा:

भिंत कशाची आहे? विटेची किंवा काँक्रीटची असेल तर चिंता नाही. नवीन बिल्डिंगमध्ये बहुतेक एएसी ब्लॉक, म्हणजे हवेचे बुडबुडे असलेल्या काँक्रीटचे ब्लॉक, असतात, ते हलके आणि ठिसूळ, साधा प्लग त्यात फिरतच राहतो, त्यासाठी वेगळे प्लग मिळतात किंवा केमिकल अँकर, म्हणजे भोकात रसायन भरून पक्का बसवायचा बोल्ट, लागतो. जिप्समचं पार्टिशन असेल तर आतली मेटलची चौकट कुठे आहे ते शोधा नाहीतर मागून प्लायचं बॅकिंग घालून घ्या, नुसत्या जिप्समवर तीस-पस्तीस किलो टांगायचं मनातसुद्धा आणू नका.

वायर कुठून गेल्यात? स्विचबोर्डच्या सरळ वर आणि सरळ खाली ड्रिल मारायचं नाही, तिथून पाइप गेलेला असतोच. पलीकडे बाथरूम असेल तर पाण्याचे पाइप आणि ओल दोन्ही विचारा.

उजेड कुठून येतो? समोरून सपाट उजेड पडला तर तुमचा सगळा उठाव मरतो. वरून किंवा बाजूने तिरका उजेड पाहिजे, म्हणजे प्रत्येक कडेची सावली पडते. लाइटचा पॉइंट नसेल तर आत्ताच सांगा, नंतर फॉल्स सीलिंग कोणी उघडत नाही.

आणि लिफ्ट. बोर्ड ४ बाय ३ चा आहे, लिफ्टचा दरवाजा किती? काम दोन-तीन बोर्डांत तोडायचं की नाही हे इथेच ठरतं. माझं मत, पहिलं काम असेल तर २ बाय ३ चे दोन बोर्डच करा आणि जोडावर तुकडे चढवून जोड झाका.

३. वजन, माती आणि शेल्फ यांचं गणित

हे कंटाळवाणं आहे पण सगळ्यात जास्त पैसे इथेच वाचतात किंवा बुडतात.

स्टोनवेअर भाजल्यावर साधारण २.३ किलो प्रति लिटर धरा. १२ चौरस फूट म्हणजे १.१ चौरस मीटरच्या आसपास, तुकडे ५ मिमी जाड, म्हणजे एक थर जवळपास १३ किलो. पण दगडफुलाचे तुकडे एकमेकांवर चढतात, दीडपट-पावणेदोनपट धरा, झाले २० किलो. १९ मिमी प्लायचे अजून १२-१३. म्हणजे भिंतीवर ३३ ते ३५ किलो. हा आकडा लिहून ठेवा, प्लग आणि स्क्रू याच्यावरून घ्यायचे, आणि किमान तिप्पट वजन पेलेल असे घ्यायचे.

२० किलो भाजलेल्या मालासाठी ओली माती सुमारे २८ किलो लागते, कारण पाणीही जातं आणि मातीच्या आतलं काहीबाही जळूनही जातं. त्यात तुटफूट आणि स्पेअर धरून ४० किलो घ्या.

आता भट्टी. १६ इंची चौकोनी शेल्फवर वेडेवाकडे तुकडे ठेवले की पाऊण जागासुद्धा वापरात येत नाही. वरच्या हिशोबाने ग्लेझ फायरिंगला (ग्लेझ म्हणजे काचेसारखा थर, तो लावून केलेली दुसरी भाजणी) साधारण १६-१७ शेल्फ लागतात, कारण ग्लेझ लावलेले तुकडे एकमेकांना टेकवता येत नाहीत. भट्टीत एका वेळी ४-५ शेल्फ बसत असतील तर चार फायरिंग झाल्या. बिस्कमध्ये, म्हणजे ग्लेझ लावण्याआधीच्या पहिल्या भाजणीत, तुकडे एकमेकांवर ठेवता येतात त्यामुळे तिथे एक-दोन पुरतात. क्लायंटला तारीख देताना हे मोजून द्या, "महिन्याभरात देतो" असं म्हणू नका, दहा-बारा आठवडे मागा आणि पावसाळ्यात त्याहून जास्त.

साहित्य

स्टोनवेअर माती, शक्यतो बारीक ग्रॉग (भाजलेल्या मातीचा चुरा) असलेली. लाटणं आणि ५ मिमीच्या दोन लाकडी पट्ट्या, त्यांच्यावर लाटणं फिरवलं की जाडी आपोआप एकसारखी येते. कॅनव्हासचं कापड. सुई, वायर कटर, स्पंज, किडनी (माती गुळगुळीत करायची वाकडी पट्टी). जुनं टूथब्रश. ड्रायक्लीनिंगच्या पातळ प्लास्टिक पिशव्या, भरपूर. रद्दी. काळा सिरॅमिक स्टेन (भट्टीत टिकणारा रंग), दोन-तीन मॅट ग्लेझ. कोन, म्हणजे ठरावीक उष्णतेला वाकणारे छोटे सुळके, भाजणी बरोबर झाली का ते कळायला. एन-९५ मास्क, आणि हो, हा सगळ्यात वरच्या ओळीत लिहायला हवा होता.

मास्कबद्दल जरा थांबून बोलतो. चिनी कलाकार आय वेवेने २०१० मध्ये लंडनच्या टेट मॉडर्नमध्ये पोर्सेलिनच्या दहा कोटी सूर्यफुलाच्या बिया जमिनीवर पसरल्या, चीनच्या जिंगदेजेनमध्ये हाताने रंगवून घेतलेल्या. कल्पना अशी की लोकांनी त्याच्यावर चालावं, बसावं. काही दिवसांतच ते बंद करावं लागलं कारण पावलांनी घासून बारीक धूळ उडायला लागली. एवढ्या मोठ्या म्युझियमला धुळीची भीती वाटते आणि आपण मात्र स्टुडिओत झाडू मारतो. झाडू मारायचा नाही. ओल्या फडक्याने पुसायचं. सुका तुकडा घासायचा असेल तर मास्क लावून, घराबाहेर, नाहीतर ओल्या स्पंजने. सिलिकाची धूळ फुफ्फुसात गेली की परत येत नाही.

४. माती आणि भट्टी यांचं आधी लग्न लावा

स्वतःची भट्टी नसेल तर काही बिघडत नाही, पुण्या-मुंबईत बरेच स्टुडिओ बाहेरचा माल भाजून देतात, कोणी शेल्फवर पैसे घेतं, कोणी पूर्ण लोडवर. जाण्याआधी विचारा: जास्तीत जास्त किती तापमानापर्यंत भाजता, बाहेरची माती चालते का, एखादा तुकडा फुटून दुसऱ्याच्या मालाचं नुकसान झालं तर काय.

इथला मोठा धोका म्हणजे माती चुकीची जाणं. टेराकोटाची लाल माती साधारण १००० ते ११०० अंशांपर्यंतच बरी, ती चुकून १२२० ला गेली तर फुगते, बसते, शेल्फवर पसरते, आणि शेल्फचं बिल तुमच्या नावावर. पिशवीवर काय लिहिलंय त्यापेक्षा टेस्ट तुकड्यावर विश्वास ठेवा आणि तोही आपल्याच मातीच्या छोट्या वाटीत ठेवून भाजायला सांगा.

टेस्ट तुकडा असा: ओल्या मातीची पट्टी, तिच्यावर सुईने बरोबर १० सेंमीची रेघ. पूर्ण भाजल्यावर रेघ मोजा. ८.८ आली तर माती १२ टक्के आकसते. आता ज्याला भाजून २० सेंमीचा तुकडा हवा त्याने २० मध्ये १२ टक्के मिळवायचे नाहीत, २० ला ०.८८ ने भागायचं, २२.७ येतात. मिळवलं तर २२.४ येतात. फरक छोटा दिसतो, पण बोल्टची भोकं अंतरावर जुळवायची असली की हाच नडतो.

५. तुकडे करा, पण मागून सुरुवात करून

माती लाटा, कॅनव्हास काढा, दगडफुलाचा आकार सुईने कापा. कडा बोटांनी दाबून पातळ करा, अगदी कडेला २ मिमीपर्यंत आल्या तरी चालतात, मधे ५ पाहिजे. मग कड वळवा. ओल्या मातीत वळवली तर परत पडते, तासाभराने जरा आवळली की वळवा आणि खाली रद्दीचा बोळा ठेवा.

आता मागची बाजू. दीडशे ग्रॅमपर्यंतच्या तुकड्याला मागे फक्त सपाट, खरबरीत, ग्लेझ नसलेला रुपयाएवढा भाग पुरतो, तो इपॉक्सीने चिकटतो. त्याहून जड तुकड्याला मागे मातीचा जाड देठ लावा, त्यात बोल्टचं डोकं बसेल असा खळगा करा, आकसणं धरून थोडा सैलच. भाजल्यावर त्या खळग्यात स्टेनलेस स्टीलचा बोल्ट इपॉक्सीने बसवायचा, प्लायमध्ये भोक, मागून नट. हे करायला कंटाळा येतो म्हणून लोक सगळंच चिकटवतात आणि मग मे महिन्यात पश्चिमेच्या भिंतीवरचं काम एकेक करून खाली यायला लागतं.

देठ लावताना दोन्हीकडे रेघोट्या ओढा, स्लिप (मातीचा पातळ चिखल) लावा, दाबा, आणि एक बारीक भोक सुईने पाडून ठेवा म्हणजे आत हवा कोंडणार नाही. देठाची उंची मुद्दाम तीन वेगवेगळ्या मापांत ठेवा, १, २ आणि ४ सेंमी. सगळे तुकडे एकाच पातळीत आले की कितीही मेहनत केली तरी टाइल्स वाटतात.

प्रत्येक तुकड्याच्या मागे सुईने नंबर कोरा. मार्करने नाही, मार्कर जळून जातो. आणि एका आकाराचे ४० तुकडे लागणार असतील तर ५० करा.

संख्येची ताकद हवी असेल तर एक उदाहरण लक्षात ठेवा. २०१४ मध्ये टॉवर ऑफ लंडनच्या खंदकात पॉल कमिन्स आणि टॉम पायपर यांनी सिरॅमिकची ८,८८,२४६ पॉपीची फुलं लावली, पहिल्या महायुद्धात गेलेल्या ब्रिटिश आणि वसाहतींच्या प्रत्येक सैनिकामागे एक. एकेक फूल साधंच, हाताने केलेलं, धातूच्या काडीवर खोचलेलं. काडीच्या उंचीत फरक होता म्हणून ते लाटेसारखं वाहताना दिसलं. तुमचे दोनशे तुकडे असोत, युक्ती तीच.

६. वाळवणं

इथे घाई करायची नाही. कडा २ मिमी आणि मधे देठासकट २ सेंमी असा तुकडा असला की कड आधी वाळते, आकसते, मधलं ओलंच असतं, आणि तडा जातो. पापड घालतो तसं उन्हात पसरायचं नाही. पातळ प्लास्टिक टाकून ठेवा, दुसऱ्या दिवसापासून रोज थोडं सैल करा, कडांवर वेगळी प्लास्टिकची पट्टी ठेवली तर अजून बरं. एप्रिल-मे महिन्यात पुण्यात हवा इतकी कोरडी असते की प्लास्टिकखाली एक ओलं फडकंही लागतं.

पावसाळ्यात उलटं. तुकडा पांढरट दिसतो, वाटतं वाळला, पण आत पाणी असतंच. गालाला लावून बघा, गार लागला तर अजून ओला आहे. जाळीच्या रॅकवर ठेवा म्हणजे खालूनही हवा लागते. शंका असेल तर भट्टीतच ८०-९० अंशांवर काही तास धरून ठेवायला सांगा. ओला तुकडा १०० च्या वर गेला की आतलं पाणी वाफ होतं आणि तुकडा नुसता तडकत नाही, फुटतो, आणि त्याच्या चिपा शेजारच्या दहा तुकड्यांत घुसतात.

७. बिस्क फायरिंग

साधारण असं चालतं: १२० अंशांपर्यंत तासाला ६०-८० च्या गतीने, तिथे थोडं थांबून पुढे ६०० पर्यंत तासाला १००, मग १५० ने ९८०-१००० पर्यंत. ५७३ अंशांच्या आसपास मातीतलं क्वार्ट्झ एकदम आकार बदलतं, चढतानाही आणि उतरतानाही, म्हणून त्या टप्प्यात हळू. झाकण १०० च्या खाली आल्याशिवाय उघडायचं नाही, कितीही उत्सुकता असू दे.

८. रंग

खाण्यापिण्याची भांडी नाहीत त्यामुळे ग्लेझमध्ये मोकळीक आहे, खरखरीत, कोरडं, काहीही चालतं. दगडफुलाला चकचकीत ग्लेझ अजिबात शोभत नाही, मॅटच घ्या.

आधी मागची बाजू आणि खोबणी काळ्या स्टेनने भरा, वरून ओल्या स्पंजने पुसा, खोलगट भागात काळं राहतं आणि उंचवट्यावरून निघतं. मग वरच्या बाजूला राखाडी-हिरवा मॅट, पातळ. जाड लावला की सगळं टेक्स्चर बुजतं. काही तुकडे ग्लेझविना, नुसते ऑक्साइड पुसून ठेवा, त्यांच्यामुळे बाकीचे उठतात.

रंगातली एक खोड माहीत असू द्या: हिरव्यासाठी क्रोम ऑक्साइड वापरलं आणि त्याच भट्टीत शेजारी टिनचं पांढरं ग्लेझ असेल तर क्रोम उडून पांढऱ्यावर गुलाबी झाक येते. कोणाला आवडेलही, पण दगडफुलाला गुलाबी नको. मॅंगनीज वापरणार असाल तर भट्टी चालू असताना त्या खोलीत बसू नका, खिडक्या उघड्या ठेवा. कच्चे ऑक्साइड कालवताना ग्लोव्ह्ज आणि मास्क.

चिकटवायच्या जागी आणि देठाच्या खळग्यात वॅक्स लावा म्हणजे तिथे ग्लेझ बसणार नाही. ग्लेझवर इपॉक्सी नीट धरत नाही.

१२२० ला पातळ वळलेल्या कडा मऊ पडतात, खाली बसतात. त्यांच्याखाली त्याच मातीचे छोटे आधार करून ठेवा, टोकांना अल्युमिना (भट्टीत चिकटू न देणारी पांढरी पूड) लावून, आणि ते आधार तुकड्याबरोबरच, तेवढेच आकसायला हवेत म्हणून तेही ओल्यापासून सोबतच करा.

आणि एक: चार वेगवेगळ्या फायरिंगमधून आलेल्या तुकड्यांचा रंग थोडा वेगळा असणारच. पहिल्या भट्टीचे सगळे डावीकडे आणि शेवटच्या भट्टीचे सगळे उजवीकडे असं लावलं तर मधे रेघ दिसते. सगळे मिसळून मग मांडा.

९. जमिनीवर मांडा, मग बोर्ड

बोर्ड बीडब्ल्यूपी (उकळत्या पाण्यातही टिकणारा), आयएस ७१० या भारतीय मानकाचा मरीन प्लाय, १९ मिमी. साधा प्लाय किंवा एमडीएफ पावसाळ्यात वाकतो आणि तुकडे त्याच्यासोबत निघतात. दोन्ही बाजूंनी आणि कडांना रंग द्या, एकाच बाजूला दिला तरी तो वाकतोच.

जमिनीवर ब्राउन पेपर पसरून त्यावर पूर्ण मांडणी करा. स्टुलावर उभं राहून फोटो काढा, फोन ब्लॅक अँड व्हाइट मोडवर टाकून बघा, रंग गेला की गर्दी कुठे झालीय ते लगेच कळतं. एक रात्र तसंच राहू द्या. मग प्रत्येक तुकड्याची बाह्यरेषा आणि नंबर कागदावर काढा, हा कागद म्हणजे तुमचा नकाशा. कागद बोर्डवर चिकटवून भोकं पाडा.

इपॉक्सी चोवीस तासवालं घ्या, पाच मिनिटंवालं घाईला बरं पण उष्णतेला कच्चं. सिलिकॉन वापरायचं तर न्यूट्रल, ज्याला व्हिनेगरसारखा वास येतो ते धातूला गंजवतं. बोर्ड आडवाच ठेवून पूर्ण सुकू द्या.

मागे टांगणीसाठी लाकडी पट्टी लांबीच्या दिशेने ४५ अंशात चिरून दोन भाग करा, एक भाग बोर्डला, एक भिंतीला, तिरक्या कडा एकमेकांत अडकतात. सुताराला दाखवलं की पाच मिनिटांत करून देतो. उचलून काढता येतं ही त्याची मोठी सोय, घर रंगवताना उपयोगी.

१०. पॅकिंग

बोर्ड आडवा नेऊ नका, उभा, लाकडी क्रेटमध्ये, सीटच्या गाद्यांना किंवा थर्माकोलला टेकवून नव्हे तर क्रेटला बोल्टने जखडून. तुकड्यांच्या मधे फोमचे तुकडे खोचा पण दाबून नको. टेम्पोत स्वतः बसा. "नाजूक" असं मोठ्या अक्षरात लिहिलं तरी त्यावर गोणी ठेवणारा माणूस भेटतोच.

११. भिंतीवर

सोसायटीत ड्रिलिंगच्या वेळा असतात, दुपारी बहुतेक ठिकाणी बंद, आधी विचारा. दोन माणसं आणि लेव्हल लागते. ड्रिलच्या खाली कागदाचा खिसा चिकटवा म्हणजे धूळ सोफ्यावर पडत नाही आणि क्लायंटच्या आईचा चेहरा बदलत नाही. बोर्ड आणि भिंत यांत १०-१५ मिमी फट राहते, तिथे पाली राहायला येतात, बाजूंनी बारीक जाळी लावली की प्रश्न मिटतो. बाहेरच्या व्हरांड्यात काम असेल तर कुंभारमाशीही येते, तिच्या मातीकामाला आपण काही बोलू शकत नाही.

१२. कागदपत्रं

हे शेवटी लिहिलंय पण माती घ्यायच्या आधी करायचंय.

कोटेशन: माप, वजन, रंगात फरक पडू शकतो हे वाक्य, डिलिव्हरी आणि लावणं यात धरलंय का नाही, लाइटचं काम कोणाचं.

सही केलेलं ड्रॉइंग, भिंतीच्या फोटोवर माप टाकलेलं.

वर्क ऑर्डर किंवा साधं करारपत्र. पैसे तीन टप्प्यांत: सुरुवातीला निम्मे, बिस्क झाल्यावर फोटो दाखवून काही, लावल्यावर उरलेले. सुरुवातीचे पैसे आल्याशिवाय माती उघडू नका. ऑफिसचं काम असेल तर पॅन, कॅन्सल चेक, व्हेंडर फॉर्म, आणि पेमेंटला लागणारा वेळ हे सगळं आधीच धरा. जीएसटी, ई-वे बिल यांचं सीएला विचारा, दर आणि मर्यादा बदलत असतात.

डिलिव्हरी चलन, तुकड्यांची यादी, ट्रान्झिट इन्शुरन्स, सोसायटीचं किंवा बिल्डिंगचं प्रवेशपत्र, मजुरांची ओळखपत्रं.

करारात एक ओळ हमखास घाला, काम काढायचं किंवा हलवायचं असेल तर आधी कलाकाराला कळवावं. कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम ५७ मध्ये कलाकाराचे काही हक्क काम विकल्यानंतरही राहतात. शिल्पकार अमरनाथ सहगल यांचं दिल्लीच्या विज्ञान भवनातलं ब्रॉंझचं भलंमोठं म्युरल १९७९ मध्ये त्यांना न विचारता काढून गोदामात टाकलं, तुकडे झाले, आणि २००५ मध्ये दिल्ली हायकोर्टाने उरलेलं काम त्यांना परत द्यायला आणि ५ लाख रुपये भरपाई द्यायला सांगितलं. एवढं भांडण कोणाला करायचंय, पण कागदावर ओळ असली की फोन तरी येतो.

क्लायंटला देताना सोबत एक छोटा कागद द्या: मऊ ब्रशने धूळ झाडायची, ओल्या फडक्याने घासायचं नाही, फिनाइल-कॉलिन काही नाही. आणि स्पेअर तुकड्यांतले सात-आठ नंबर लिहून एका डब्यात त्यांच्याकडेच ठेवायला द्या, दिवाळीच्या साफसफाईत एखादा तरी जातोच.